मला साक्षीदार करू नका

गेल्या आठवड्यात सकाळी उठलो तर भावकीच्या ग्रुपवर 143 मेसेज. मला वाटलं गावाकडं कोण गेलं की काय. तसं काही नव्हतं. आमच्या गटातून झेडपीला उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या भाषणाचा व्हिडिओ होता, चावडीसमोरचा, आणि तो गडी माइक तोंडात घालून सांगत होता की अमेरिकेत सरकार शाळा चालवत बसत नाही, पैसे थेट आईबापाच्या खात्यावर टाकतं, मग आईबाप ठरवणार पोरगं कुठं घालायचं ते, आणि आपल्याकडं बघा, सात पोरांच्या शाळेवर दोन मास्तर, दोघांचा पगार मिळून दीड लाख. खाली नानानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, लिहिलेलं, "शंभर टक्के बरोबर. आमचा भाऊ टेक्सासलाच असतो, विचारा त्याला." आणि मला टॅग.

म्हणजे मला न विचारता माझी साक्ष काढली. डोकंच फिरलं. ऑफिसला जाताना टोलवेवर सगळा रस्ताभर मी मनातल्या मनात त्या उमेदवाराशी भांडत होतो.

पहिलं म्हणजे, अमेरिकेत सरकार शाळा चालवत नाही हे कुणी सांगितलं याला? एकट्या टेक्सासात साधारण 55 लाख पोरं सरकारी शाळेत जातात. माझी दोन्ही पोरं त्यातच. आमच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याच्या आसपास भाग शाळेच्या डिस्ट्रिक्टला जातो आणि दर मे महिन्यात प्रोटेस्टचा, म्हणजे टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या किमतीवर हरकतीचा, फॉर्म भरताना मी शिव्या घालतो, पण मग सकाळी पिवळी बस येते, तिचा तो थांब्याचा पाटा बाहेर निघतो आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या गुमान उभ्या राहतात, ते बघून राग जरा उतरतो. आपल्याकडं अँब्युलन्सला वाट देत नाहीत. असो.

तो उमेदवार जे बोलतोय ते खरं आहे पण अर्धवट. आमच्या गव्हर्नरनं, ग्रेग अ‍ॅबटनं (आमच्या म्हणायची सवय लागलीय, मला इथं मत नाही, त्यावर नंतर येतो), 3 मे 2025 ला व्हाउचरच्या, म्हणजे पोराच्या खाजगी शिक्षणाला सरकारी पैसा द्यायच्या, कायद्यावर सही केली. 100 कोटी डॉलर बाजूला काढलेत, पोरामागं साधारण साडेदहा हजार डॉलर खाजगी शाळेच्या फीला मिळणार, घरी शिकवणाऱ्यांना दोन हजार, अपंग मुलांना तीस हजारांपर्यंत. 2026-27 च्या वर्षापासून सुरू, अर्ज फेब्रुवारी 2026 मध्ये उघडले. आता 100 कोटी भागिले साडेदहा हजार करून बघा, लाखभर पोरांना पण नीट पुरत नाहीत. 55 लाखांतले लाखभर. आणि हा बाबा चावडीवर सांगतोय की अमेरिकेत असंच असतं.

पण मला खरी मजा वाटते ती हा कायदा आधी अडला कुठं याची. डेमोक्रॅट तर विरोधात होतेच, 2026 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उतरलेल्या जीना हिनोहोसा एकेकाळी ऑस्टिनच्या स्कूल बोर्डाच्या अध्यक्ष होत्या, त्या पहिल्यापासून म्हणतात की सरकारी शाळेचा पैसा बाहेर जाऊ देणार नाही. ते सोडा. कायदा अडवला तो अ‍ॅबटच्याच पक्षाच्या लोकांनी. नोव्हेंबर 2023 मध्ये सभागृहात 84 विरुद्ध 63 मतांनी व्हाउचरचा भाग बिलातून उपटून काढला आणि त्या 84 मध्ये 21 रिपब्लिकन होते, बरेचसे खेड्यापाड्यांतून निवडून आलेले. बंदूक, चर्च, ट्रम्प सगळं मान्य असलेली माणसं, पण शाळेला हात लावू नका म्हणाली. कारण त्यांच्या काउंटीत खाजगी शाळा औषधालाही नाही. तिथं शाळा म्हणजे गावात सगळ्यात जास्त लोकांना पगार देणारी जागा, शुक्रवारी रात्रीचा फुटबॉल, अख्खं गाव स्टँडमध्ये. शाळा बंद पडली की गाव पण गेलं. व्हाउचरचे साडेदहा हजार घेऊन माणूस जाणार कुठं, तर चाळीस मैलांवर.

मग अ‍ॅबटनं काय केलं, तर मार्च 2024 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, आपल्याच पक्षाच्या त्या आमदारांच्या विरोधात दुसरे उमेदवार उभे केले, पेनसिल्व्हेनियातल्या जेफ यास नावाच्या अब्जाधीशानं त्याला त्याआधी 60 लाख डॉलर दिलेले, आणि एकेकाला घरी बसवलं. पुढच्या अधिवेशनात कायदा पास. आणि सरकारी शाळांना पोरामागं मिळणारा मूळ आकडा, 6,160 डॉलर, 2019 पासून हललाच नव्हता, तो त्याच वर्षी वाढवला, किती, तर 55 डॉलर. आमच्या दोघांच्या एका जेवणाचं बिल.

जिथं थेट लोकांना विचारलं तिथं काय झालं तेही त्या उमेदवाराला सांगा. नोव्हेंबर 2024, केंटकी, ट्रम्पला डोक्यावर घेतलेलं राज्य, त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर खाजगी शाळांना सरकारी पैसा द्यायची घटनादुरुस्ती होती, 120 च्या 120 काउंट्यांनी पाडली. नेब्रास्कानं असलेली योजना मोडीत काढली. आणि अ‍ॅरिझोनानं 2022 मध्ये सगळ्यांना दार उघडलं तर सुरुवातीला अर्ज करणाऱ्यांतली बहुतेक पोरं सरकारी शाळेत नव्हतीच, ती बहुतेक आधीपासून खाजगी शाळेत किंवा घरीच शिकत होती. म्हणजे निवड आधीच केलेल्यांना सरकारनं पावती दिली.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. बरंच लांबलं. दोन निळ्या टिका, शांतता, आणि मग नानाचं उत्तर, "मग आरटीई काय वेगळं रे?"

नाना बारावी नापास आहे, पण प्रश्न असा विचारतो की आमच्या ऑफिसातला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट गार पडेल. खरंच आहे की, खाजगी शाळेत 25 टक्के जागा गरिबांना, फी सरकार देणार, हे एक प्रकारचं व्हाउचरच झालं. मी अर्धा तास विचार करून लिहिलं की बाबा, आरटीईत सोडत निघते, नंबर लागला की शाळेला पोरगं घ्यावंच लागतं. इथं टेक्सासात पैसे पालकाच्या नावानं असले तरी घ्यायचं की नाही ते शाळाच ठरवते, म्हणजे निवडायचा हक्क पालकाचा म्हणून जाहिरात आणि निवड करते शाळा. शिवाय आपल्या सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये काय केलं ते आठव, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईतून सूट, म्हणजे गरिबाच्या पोरानं झेडपीतच बसायचं, ते हायकोर्टानं 19 जुलैला रद्द केलं म्हणून बरं. आणि त्या फेब्रुवारीच्या पाठोपाठच त्याच सरकारचा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून मास्तरांची पदं ठरवायचा, जीआर, 15 मार्च 2024 चा, पट कमी असेल तिथं मास्तरांची पदंच कमी. एका हातानं सांगायचं झेडपीत जा, दुसऱ्या हातानं झेडपीतला मास्तर काढून घ्यायचा. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा 14 हजारांच्या वर आहेत, मध्यंतरी त्या एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं होतं, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन. आमच्या वाडीच्या शाळेचा नंबर त्यात कधीही लागेल.

ती शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात पाण्याचा हौद. तिसरी-चौथी एका खोलीत, गुरुजी एकच, चौथीला गणित देऊन तिसरीची कविता घ्यायचे आणि कविता म्हणता म्हणता चौथीतल्या कुणाचं उत्तर चुकलं ते पाटीकडं न बघता सांगायचे. चौथीच्या स्कॉलरशिपला आम्हा तिघांना एसटीनं दहिवडीला त्यांनीच नेलं, तिकीट त्यांनीच काढलं, परीक्षेच्या आधी स्टँडवर भजी खाऊ घातली आणि हात पुसायला स्वतःचा रुमाल दिला, पेपर तेलकट होऊ नये म्हणून. आता तिथल्या शिक्षकांना खिचडीचा हिशोब, मतदारयादीची बीएलओ ड्युटी, अमुक अ‍ॅपवर फोटो, तमुक लिंकवर माहिती, आणि वर चावडीवरून त्यांचा पगार मोजणार. आठवलं की आजही भांडायला उठतो मी.

आणि हेही सांगतो, दुसरा उमेदवार फार वेगळा आहे अशातला भाग नाही. तो म्हणतो प्रत्येक वाडीवर सेमी इंग्रजी आणि डिजिटल शाळा. डिजिटलचं मला विचारा. 2018 मध्ये आम्ही बाहेरदेशी असलेल्या तिघांनी पैसे काढून शाळेला मोठा टीव्ही दिला होता. मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्यावर कुणाच्या तरी घरातली फुलाफुलांची चादर घातलेली होती, व्यवस्थित, कोपरे खोचून. बिल थकल्यामुळं लाइट तोडली होती असं बाईंनी सांगितलं, आणि 26 जानेवारीला शेजारून वायर घेऊन लावतो म्हणाल्या. माझ्या मुलीनं तिथं फोटो काढला आणि विचारलं, बाबा, यांचं लायब्ररी कुठं आहे. मला उगाच तिचा राग आला.

तर मी ग्रुपवर विचारलं, दोन्ही उमेदवारांची स्वतःची पोरं कुठं शिकतात? लगेच उत्तर, एकाचं पाचगणीला, एकाचं पुण्यात. मी हसायची इमोजी टाकली. त्याखाली नाना, "आणि तुझी?"

मी लिहिलं सरकारी शाळेत, अभिमानानं लिहिलं. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण इथले लोक वाचत असतील तर त्यांना माहितेय आम्ही घर कसं घेतो. आधी शाळेचं रेटिंग बघायचं, नऊ की दहा, मग झोनचा नकाशा, मग त्या रेषेच्या आतलं घर. रस्त्याच्या पलीकडचं तेवढंच घर चाळीस हजारांनी स्वस्त होतं, स्वयंपाकघर पण मोठं होतं, नाही घेतलं कारण ते सहा रेटिंगच्या झोनमध्ये जात होतं. त्या शाळेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. तिथं कोण शिकतं तेही नीट माहीत नाही, म्हणजे माहितेय, आणि रिअल्टरनं ते तोंडानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं व्हाउचर म्हणजे तीस वर्षांचं मॉर्गेज.

आणि नानाचं काय चुकलं? त्याची दोन पोरं सकाळी सातला व्हॅननं दहिवडीच्या इंग्लिश मीडियमला जातात, व्हॅनमध्ये अठरा पोरं कोंबलेली, फीसाठी एका वर्षी त्यानं म्हैस विकली. वाडीच्या शाळेचा पट सातवर आला, त्या कमी झालेल्यांत त्याचे दोन आहेत, बरोबर, पण त्याआधी कमी झालेल्यांत मी आहे, माझी बहीण आहे, टीव्हीवाले आम्ही तिघंही आहोत. 2019 मध्ये परत यायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा मी पहिलं काय बघितलं, बाणेरमधल्या शाळांच्या फी. साताऱ्याची झेडपी डोक्यात आलीसुद्धा नाही. आणि आता सात समुद्रापलीकडून त्याला सांगतोय की तुझ्या पोरांनी ती शाळा वाचवायला पाहिजे.

मताचं सांगायचं राहिलं. तेरा वर्षं झाली, ग्रीन कार्डची रांग काही सरकत नाही, टॅक्स मी भरतो आणि मेमध्ये स्कूल बोर्डाची निवडणूक आली की सकाळी कुत्रं फिरवताना लोकांच्या अंगणातल्या पाट्या वाचतो. कुणाला निवडायचं हे माझं पक्कं असतं, पण विचारतं कोण. गावच्या यादीत नाव अजून आहे. नाना दर निवडणुकीला म्हणतो, "ये की मतदानाला, सातारा ते वाडी एसटीचं तिकीट माझ्याकडं, विमानाचं तेवढं तू बघ." दोन्हीकडच्या शाळांबद्दल एवढं तावातावानं बोलतो आणि बोटाला शाई लागून किती वर्षं झाली ते आठवत नाही.

काल रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडा दिसला. बायकोनं व्हाउचरचा फॉर्म भरून ठेवलाय, धाकट्यासाठी. देवळात ओळख झालेल्या एका कुटुंबानं आपल्या मुलाला खाजगी शाळेत घातलं, तिथं वर्गात चौदाच पोरं असतात म्हणे, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलंय. आमच्या उत्पन्नाला नंबर सगळ्यात शेवटी लागणार हे तिलाही माहितेय. पण पोरं इथं जन्मलेली, बसतात नियमात, भरायला काय जातंय म्हणते. मी म्हटलं अगं आपण याच्या विरोधात आहोत ना. ती म्हणाली, "तू आहेस. ग्रुपवर."

मी काही बोललो नाही. नानाच्या "आणि तुझी?" खाली मी सरकारी शाळेत एवढंच लिहिलं होतं, त्यावर त्यानं अंगठा टाकलेला, बाकी काही नाही. मी फोन घेऊन सोफ्यावर बसलो, झोनचं आणि मॉर्गेजचं सगळं लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं. तिनं आतून विचारलं, सबमिट करू का? म्हटलं थांब जरा, आधी नानाला उत्तर देतो. तिकडं सकाळचे साडेआठ झाले होते, त्याची पोरं व्हॅनमधून कधीच गेली असणार, आणि त्याला माझ्या नावाखाली टायपिंग, टायपिंग असंच दिसत असणार.