टाचेचं हाड आणि सोळाशे मीटर

सीमेवर काही झालं की आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर एक मागणी हटकून येते: प्रत्येक तरुणाला दोन वर्षं सैन्य सक्तीचं करा, शिस्त लागेल, गरीब-श्रीमंत एका रांगेत येतील. या वेळी मला राहवलं नाही. चोवीस वर्षं पिट्सबर्गजवळ राहतोय. त्या रांगेत कोण उभं राहतं ते मी शेजारच्या घरात रोज बघतो.

शेजारी पोलाद कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. तेव्हा अमेरिकेत सैन्य सक्तीचं होतं. १९६८ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याला व्हिएतनामच्या युद्धावर धाडलं. पूर्णवेळ कॉलेजात असलेल्या मुलांना २-एस हा वर्ग मिळे, म्हणजे शिक्षण संपेपर्यंत बोलावणं पुढे ढकललेलं. दिवसा काम करून अर्धवेळ शिकणाऱ्याला तो नाही. शिवाय डॉक्टरची चिठ्ठी चाले. ट्रकमध्ये माल चढवून याची पाठ सतराव्या वर्षीच दुखायला लागली होती, पण तसं लिहून देणारा डॉक्टर त्यांच्या ओळखीत नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बायडेन आणि ट्रम्प, दोघांनाही आधी विद्यार्थी म्हणून आणि मग तब्येतीवरून सूट मिळाली. एकाला दमा, दुसऱ्याला टाचेचं वाढलेलं हाड.

माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९६६ मध्ये, संरक्षणमंत्री मॅकनमारांनी भरतीच्या चाचणीचे निकषच खाली आणले. त्यातून साडेतीन लाखांच्या आसपास मुलं घेतली, बहुतेक गरीब घरांतली. डिसेंबर १९६९ मध्ये कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायला जन्मतारखांची सोडत निघाली, तरी २-एस चालूच राहिला. नव्या विद्यार्थ्यांसाठी तो बंद व्हायला १९७१ उजाडलं. शेजारी तोवर परत येऊन इथल्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात लागला होता. १९८६ मध्ये तो बंद पडल्यावर यानं लोकांची छपरं शाकारली. आता जिना बसत बसत उतरतो.

इथे निदान लोक यावर रस्त्यावर उतरले, आणि १९७३ मध्ये सक्ती थांबली. आमच्या बॅचच्या साठ जणांपैकी एकानंही आपलं मूल एनडीएच्या परीक्षेला बसवलेलं नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं. एका मित्राचं लगेच उत्तर आलं, "तू तर निघूनच गेलास."

ते लागलं, कारण ते खरं आहे. खटाव तालुक्यातला माझा मामेभाऊ आणि मी एका वयाचे. मी पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा तो मोंढ्यात पोती उचलून पहाटे सैन्यभरतीच्या सोळाशे मीटर धावण्याचा सराव करायचा. पहिल्या भरतीत मेडिकलला बाद झाला, दुसऱ्या वेळी लागला, सतरा वर्षं काढली. माझ्या पहिल्या विमानाच्या तिकिटाला मामांनी पैसे दिले होते. ते त्याच्या पगारातले होते, हे मला फार उशिरा कळलं. माझी सूट ती हीच. आता त्याचा मुलगा त्याच रस्त्यावर पळतो. अग्निवीर झाला तर चार वर्षं, पुढे चारातला एक कायम.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा अठराचा झाला. सिलेक्टिव्ह सर्व्हिसचा, म्हणजे पुन्हा सक्ती आलीच तर बोलावता यावं म्हणून सरकारकडे नाव नोंदवायचा, फॉर्म त्यानं माझ्याशेजारी बसून भरला. आता कॉलेजची सवलत चालू सत्रापुरतीच मिळते, आणि सक्तीही नाही, हे सगळं मला पाठ आहे. तरी त्यानं बटण दाबलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मामी सतरा वर्षं तो गोळा पोटात घेऊन दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती.