‘मधलं काही आठवत नाही’ म्हणणारा नाटक करत नसतो

नाशिकमधल्या आमच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: खरा धक्का बसलेला माणूस तो प्रसंग जन्मात विसरत नाही, ‘मधलं आठवत नाही’ म्हणणारा नाटक करतो, नाहीतर त्याचं मन कच्चं असतं, त्याला समोर बसवून सगळं खोदून आठवायला लावा, एकदा रडला की मोकळा होईल. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनीही तो पुढे पाठवला. त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे. पण हा उपाय माझ्यावर करून झालाय, म्हणून उत्तर देते.

‘जन्मात विसरत नाही’ हे अर्धंच खरं. बऱ्याच जणांना नको तेवढं आठवतं, झोपेतून उठवून आठवतं. पण त्याच आठवणीला मध्ये भोकंही असतात. कसारा घाटात आमची गाडी उलटली, तेव्हा सीटखालून घरंगळत माझ्या पायाला लागलेली पाण्याची बाटली मला आजही दिसते. निळं झाकण, त्यावर ओरखडा. मला बाहेर कुणी काढलं ते आठवत नाही. मी म्हणे रस्त्याकडेला बसून सासूबाईंचा फोन नंबर न चुकता सांगत होते. तेही आठवत नाही.

जिवावर बेततं तेव्हा लक्ष एखाद्याच गोष्टीवर खिळतं, बाकीचं नोंदलंच जात नाही. घटनेला क्रम आणि जागा लावून देणारा मेंदूतला भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. तीव्र ताणात त्याचं काम विस्कटतं. काही गोष्टी नोंदल्या जातात, पण हाताला लागत नाहीत, कारण त्या वेळी मन जणू अंगातून बाजूला सरकलेलं असतं. हे डिसोसिएशन. फ्रान्समधले मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्येच त्यावर सविस्तर लिहिलं होतं. आघातानंतरच्या ताणविकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, निदानाच्या निकषांत ‘घटनेचा महत्त्वाचा भाग न आठवणं’ हे लक्षण आहेच.

एक मात्र आधी बघा. डोक्याला मार बसला असेल तरीही आठवण पुसते. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी असेल तर मनाचं नंतर, आधी दवाखाना.

‘मन कच्चं.’ अमेरिकी लष्करातल्या ५०० हून अधिक जणांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाचा भाग म्हणून त्यांना लुटूपुटूच्या कैदेत ठेवून कठोर उलटतपासणी घेतली होती. तपासणारा माणूस अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यांच्या समोरच होता. तरी नंतर ओळख परेडमध्ये, सर्वांत जास्त ताण सोसलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना तो ओळखता आला नाही. कसलेले जवान होते ते. २७ ऑगस्ट २००३ ला आपल्याच कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. त्या गर्दीतून वाचलेल्या माणसाला ‘पोराचा हात नेमका कधी सुटला’ हे सांगता आलं नाही, तर त्याला कच्चा म्हणायचं का? सिंहस्थ पुन्हा तोंडावर आहे, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

सगळ्यात घातक सल्ला ‘खोदून आठवायला लावा’ हा. अपघातानंतर चौथ्या दिवशी आमच्या हॉलमध्ये नऊ माणसं बसली होती. ‘आठव, आठव, ट्रक कुठून आला?’ मी सांगत गेले. ट्रक उजवीकडून आला, हेही सांगितलं. पुढे कळलं, ते दिराने फोनवर कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं होतं. आठवणींवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात सुमारे पाव लोकांना, लहानपणी आपण मॉलमध्ये हरवलो होतो, ही न घडलेली गोष्ट ‘आठवू’ लागली, ती केवळ घरच्यांचा हवाला देऊन सांगितल्यामुळे. संमोहनानेही हाच धोका वाढतो. पोलिसांत जबाब देताना म्हणूनच सांगते, जिथे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहून घ्या. मोकळी जागा अंदाजाने भरू नका.

आणि रडून मोकळं होणं? घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, हे अभ्यासांतून दिसलंय. स्वतःहून बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस हवं, ते वेगळं. आघातावरचे उपचार आहेत आणि त्यांत आठवणींवर कामही होतं, पण प्रशिक्षित माणसासोबत, आधी पाय स्थिर करून, रुग्णाच्या चालीने.

‘बाहेरचं आहे, उतरवून घ्या’ असंही कुणीतरी त्या मजकुराखाली लिहिलंय. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात २०१३ पासून गुन्हा आहे. यावर आणखी बोलायची गरज वाटत नाही.

मला कशाचा उपयोग झाला ते सांगते. दूध उतू जायचं आणि मी समोरच उभी असायचे, हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. अशा वेळी अनवाणी पाय शहाबादी फरशीवर दाबायचे, तोंडावर गार पाणी मारायचं, खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर बघून वार आणि तारीख मोठ्याने म्हणायची. गवती चहाची पात चुरगळून हुंगायची. गॅस बंद केला, गोळी घेतली, कुणाशी काय बोलणं झालं, सगळं फ्रिजवरच्या वहीत. सुन्न वाटेल त्या दिवशी स्कूटी नाही. आणि टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फोनवर मोफत, मराठीतही बोलतात. पहिला फोन मी तिथेच केला.

नवरा आता ‘काही आठवलं का’ असं विचारत नाही. मी बोलता बोलता थांबले की म्हणतो, ‘फरशी गार आहे ना गं?’ मी पाय टेकवून बघते आणि हो म्हणते.