मूत्रपिंड तक्रार करत नाही
किडनीच्या काळजीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘भरपूर पाणी प्या, किडनी साफ राहते’ हे वाक्य खटकलं. किडनी म्हणजे काय मोरी आहे, बादलीभर पाणी ओतलं की स्वच्छ? दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर जातो. बाकी सगळा परत रक्तात. खरं काम या परत घेण्यात आहे.

माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) ‘नॉर्मल’ म्हणून आम्ही निर्धास्त. पण निम्मं काम बंद पडेपर्यंत हा आकडा नॉर्मल दिसू शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्याआधीच वाढतं. ती साधी तपासणी कुणी सुचवलीच नाही. पुढे हिमोग्लोबिन घसरलं. आम्ही आपले बीट नि खजूर खायला घालतोय! रक्तपेशी बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं, ते कमी पडत होतं.

आणि हो, पाय सुजलेल्या किडनीच्या रुग्णाला जास्त पाणी पाजणं धोक्याचं ठरू शकतं. लेखात तेवढी दुरुस्ती करा.