स्मार्ट शेतीच्या प्रकल्पाला गुण देताना पिकाकडेही पाहा

कुंडीत खुपसलेला ओलाव्याचा सेन्सर, माती सुकली की आपोआप सुरू होणारा छोटा पंप आणि मोबाइलवर हलणारा आलेख, एवढ्या सामग्रीवर ‘स्मार्ट शेती’च्या विद्यार्थी-प्रकल्पांना भरघोस गुण मिळताना मी परीक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे. त्या मुलामुलींच्या मेहनतीविषयी मला आदर आहे. माझा आक्षेप आहे तो पीक हिशेबातच न धरणाऱ्या मूल्यमापनावर.

सेन्सरचेच घ्या. कपॅसिटिव्ह सेन्सर पाणी थेट मोजत नाही. तो मातीचा एक विद्युत गुणधर्म टिपतो आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधतो. मातीचा पोत, क्षार आणि तापमान यांचाही त्या गुणधर्मावर परिणाम होत असल्यामुळे वाळूसर मातीत बसवलेले गणित चिकणमातीत जसेच्या तसे लागू पडत नाही. वर्गात हे एका वाक्यात उरकते. मात्र सेन्सरजवळची माती डब्यांत भरून तिचे वजन करायचे, ती 105 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये 24 तास वाळवायची, पुन्हा वजन करायचे आणि उडालेल्या पाण्याचा आकडा सेन्सरच्या आकड्याशेजारी मांडायचा, हे काम गटाने स्वतः केले की दोन आकडे जुळत नाहीत आणि खरी चर्चा सुरू होते. इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी प्रोग्रॅम तपासू लागते. कृषीचा विद्यार्थी सेन्सरभोवतीची माती हलकेच उकरून दाखवतो की पात्याला लागून हवेची पोकळी राहिली आहे, शिवाय सेन्सर अगदी वरच्या थरात बसवला असून पिकाची मुळे पाणी शोषतात ती बरीच खालून. या मातीत वाफसा, म्हणजे मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतील अशी स्थिती, नेमका कोणत्या आकड्यावर मानायचा, हे त्या दोघांना एकत्र बसूनच ठरवावे लागते. आंतरशाखीय शिक्षण म्हणतात ते माझ्या मते हेच. वेगवेगळ्या विभागांची नावे एका अहवालावर छापल्याने ते घडत नाही.

पानांच्या छायाचित्रांवरून रोग ओळखण्याच्या प्रकल्पांची गत वेगळी नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्लांटव्हिलेज या संग्रहातील 54,306 छायाचित्रांवर घडवलेल्या संगणकीय मॉडेलची अचूकता त्याच संग्रहातून बाजूला काढलेल्या छायाचित्रांवर 99 टक्क्यांहून अधिक भरली, पण वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे देताच ती 31 टक्क्यांच्या आसपास उतरली. संशोधकांनी हे स्वतःच नोंदवले, ही त्यांची सचोटी. विद्यार्थ्यांच्या अहवालात मात्र बहुधा पहिलाच आकडा ठळक अक्षरांत असतो. धूळ बसलेली, एकमेकांवर आलेली, अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत असलेली पाने ज्याने वाफ्यात वाकून टिपली आहेत, त्याला दुसरा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

परीक्षा वाफ्यात घेता येते, हे इतरत्र दिसले आहे. 2003 मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे सुरू झालेल्या ‘फील्ड रोबोट इव्हेंट’मध्ये विद्यार्थ्यांचे यंत्रमानव मक्याच्या ओळींतून चालवून पाहिले जातात. वाखेनिंगनच्याच विद्यापीठाने 2018 मध्ये सुरू केलेल्या स्वयंचलित हरितगृह स्पर्धेत पहिल्या वर्षी काकडीचे पीक होते आणि निव्वळ नफा हाही निकष होता. म्हणजे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही गटात हक्काची जागा आहे, कारण वाचलेल्या पाण्याच्या तुलनेत यंत्रणेचा खर्च परवडतो का, हे विचारणारे कोणीतरी पहिल्या दिवसापासून हवेच.

सत्रात पीक बसत नाही, ही प्राध्यापकांची अडचण खरी आहे. त्यावर मुळ्यासारखे महिनाभरात निघणारे पीक घेता येईल किंवा वाफा नोंदवहीसह पुढच्या तुकडीकडे सोपवता येईल. त्या नोंदवहीत कोणता ड्रिपर कधी तुंबला, कोणत्या रात्री बॅटरी संपली आणि त्याचा पिकावर काय परिणाम झाला, हे लिहिलेले असावे आणि निदान निम्मे गुण त्या नोंदींना व पिकाच्या स्थितीला मिळावेत, अशी माझी अभ्यास मंडळांना आग्रहाची विनंती आहे.