सात घोडे, एक दोरी

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाने गावी जाऊ नये असं माझं म्हणणं नाही; पण गेलाच तर वीस गुंठ्यांत वांगी लावू नयेत. मी लावली. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. आजूबाजूला सगळे आलं आणि घेवडा करणारे. भांगलायला बायका मिळायच्या त्या त्यांच्याकडे. माझ्या वाट्याला फक्त हराळी. शेवटी गेल्या साली पॉवर विडर, म्हणजे भांगलणीचं, तण काढायचं पेट्रोलवरचं यंत्र घेतलं.

“सात एचपी आहे साहेब, सात घोड्यांची ताकद,” दुकानदार म्हणाला. हे सातही घोडे एका दोरीने उठवायचे असतात आणि ती दोरी 62 वर्षांच्या माणसाने ओढायची असते, हे त्याने पावती फाडल्यावर सांगितलं.

पहिलं साल बरं गेलं. उन्हाळाभर विडर गोठ्यात ताडपत्रीखाली झोपून होता. यंदा जुलैत आठ दिवस झड लागली, मग ऊन पडलं आणि वापसा आला. वापसा म्हणजे काय, हे बँकेत कुणी शिकवत नाही. माती मुठीत दाबून सोडली की गोळा सहज फुटला पाहिजे आणि हाताला राड लागता कामा नये. हा मुहूर्त दोन दिवसांचा. आधी घातलं तर विडरच्या पात्यांना चिखलाचे लाडू, उशीर केला तर ढेकळं.

सकाळी सातला पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला, दोरीला झटका दिला. तिसऱ्या झटक्याला सुरू! मी बायकोला ऐकू जाईल अशा बेताने रेस वाढवली. दीड ओळ झाली आणि विडर दमेकऱ्यासारखा दोन-तीनदा खोकला नि बंद पडला. पेट्रोल संपलं असेल म्हणून टाकीचं झाकण काढून पाहिलं, तर अर्धी टाकी भरलेली. झाकण लावलं, दोरी ओढली, सुरू. पुन्हा दीड ओळ, पुन्हा खोकला. पुन्हा झाकण काढून आत डोकावलो, पुन्हा सुरू. दुपारपर्यंत मी त्या टाकीत अकरा वेळा डोकावलो असेन. यंत्रांना नजर लागते म्हणतात. हे माझ्या नजरेशिवाय चालेचना.

तोवर बांधावर तज्ज्ञ जमले होते. बंद पडलेल्या यंत्राभोवती माणसं इतक्या लगबगीने जमतात, की तेवढी भांगलायला आली असती तर यंत्र घ्यावंच लागलं नसतं. एकाने “प्लग” असं एका शब्दात निदान केलं. प्लग काढून पॉलिशपेपरने घासला, हॅक्सॉचं पान घालून गॅप मोजला, आणि ठिणगी बघायला तो वायरच्या टोपीसकट इंजिनाला टेकवून मला म्हणाला, “ओढा.” टोपी त्याच्या हातात, दोरी माझ्या. करंट येतो की नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं. दुसऱ्याला ऑइलचा संशय. ऑइल कमी झालं की या इंजिनातला सेन्सर ठिणगीच तोडतो, हे त्याचं बरोबर होतं. पण काडी पुसून बघितली तर ऑइल काठोकाठ. तिसरा म्हणाला, हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. म्हणजे आम्हीच ऊस कारखान्याला घालायचा, त्याचं इथेनॉल व्हायचं, आणि तेच परत येऊन आमच्या कार्बोरेटरमध्ये बसायचं. शेजारच्या आबांनी निदान केलं नाही. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, “याला दोरी असती खरी, पर ओढल्यावर थांबतंय.”

मिस्त्रीला फोन केला. “आलोच” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आला. कार्बोरेटर खोलला, वाटीतला पिवळट चिकटा अंगठ्याने पुसला, जेटच्या बारीक भोकात तोंडाने फुंकर मारली, वायरची एक तार घालून फिरवली. “कचरा आलावता साहेब. ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेस्तोवर चालवायचं असतं.” सल्ला सोन्यासारखा, फक्त एप्रिलमध्ये मिळायला हवा होता. त्याने पेट्रोल ओतून पाच मिनिटं चालवून दाखवलं, मग खिशातून झाकण काढून टाकीला लावलं, पैसे घेतले आणि गेला. त्याची मोटरसायकल ओढ्यापलीकडे जाते न जाते तोच विडर खोकला.

तिसऱ्या दिवशी नवा कार्बोरेटर बसला. 1800 रुपये. जुना “भंगारच आहे तो” म्हणत मिस्त्रीने डिकीत टाकला. संध्याकाळी विडर नव्या कार्बोरेटरवर अगदी जुन्यासारखाच बंद पडला.

मी ओट्यावर येऊन बसलो. आई घेवडा निवडत होती. ती 84 वर्षांची. तिने तीन दिवसांत त्या यंत्राकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, पण ऐकत सगळं होती.

“टोपान काढलंस की चालतंय नव्हं?”

“अगं, तो योगायोग.”

“आन् लावलंस की बंद पडतंय.”

“आई, त्याचा काही संबंध नाही. ते इंजिन आहे.”

तिने एक किडका दाणा अंगणात भिरकावला. “तेलाच्या डब्याला एकच भोक पाडल्यावर तेल येतंय व्हय रं?”

मी गप्प. पंधरा किलोच्या डब्याला समोरासमोर दोन भोकं पाडायची, एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून वारा आत. लहानपणी खिळा-हातोडी घेऊन हे काम मीच करायचो. अंगणात जाऊन झाकण फिरवलं तर ‘फुस्स’ असा आवाज आला. हा आवाज मी तीन दिवसांत निदान वीसदा ऐकला असेन, आणि दर वेळी ते यंत्राचं उसासणं समजलो होतो. झाकणाच्या मधोमध मोहरीएवढं भोक असायला हवं होतं. तिथे उन्हाळ्यात कुंभारीण माशीने ताडपत्रीखाली शिरून मातीचं छान गुळगुळीत घर लिंपलं होतं. आत वारा जाईना म्हणून खाली पेट्रोल उतरेना.

आईच्या पदराची सेफ्टी पिन घेऊन भोक मोकळं केलं. विडर पंधरा मिनिटं उभ्या जागी न खोकता चालला. मग पाऊस आला. चांगला चार दिवस आला, आणि वापसा गेला तो गेलाच.

मिस्त्रीला फोन करून सांगितलं. तो जराही ओशाळला नाही. “म्हंजे पेट्रोलच येत नव्हतं,” तो म्हणाला. “मी पहिल्या दिवशीच बोललोवतो.”

“मग माझा जुना कार्बोरेटर परत दे.”

पलीकडे थोडी शांतता. मग कळलं, की तो भंगार कार्बोरेटर खालच्या आळीत एका पाण्याच्या इंजिनाला बसलाय आणि झकास चालतोय.