ड्रायव्हर काढला, स्क्रीन काळी झाली, म्हणून कार्ड जळालं?

‘ग्राफिक्स ड्रायव्हर अनइन्स्टॉल केल्यावर स्क्रीन काळी झाली तर कार्ड गेलं समजा. ड्रायव्हरशिवाय चित्र येत नाही, पंखा थांबतो आणि कार्ड जळतं. डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्राम) तर कार्डाचा बायोसच पुसतं. नव्या विंडोजमध्ये सेफ मोड (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू करण्याची सोय) उरलेला नाही. नवं कार्ड घ्या, नाहीतर फॉरमॅट मारा.’ अशा अर्थाचा निरोप व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरतो आहे. चवथीच्या तोंडावर डिचोली-म्हापशाच्या डीटीपीवाल्यांकडे कामाची रीघ लागलेली असते. अशा वेळी घाबरून कोणी हजारो रुपये घालवू नयेत, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड नीट वापरू देणारा प्रोग्राम. त्याच्याशिवाय चित्र येत नाही, हे मुळातच चूक आहे. बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो तेव्हा विंडोज सुरूही झालेलं नसतं. तो लोगो कार्ड स्वतःच्या फर्मवेअरवर, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या प्रोग्रामवर दाखवतं. कार्डाचा बायोस म्हणतात तो हाच. त्यामुळे काळोख नेमका केव्हा होतो, हे आधी बघा. लोगो दिसला आणि नंतर काळोख झाला, तर चित्र दाखवण्याइतकं कार्ड, मॉनिटर आणि केबल धड आहे. शोध विंडोजमध्ये घ्यायचा. ड्रायव्हर गेल्यावर विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ या साध्या ड्रायव्हरवर येतं. अक्षरं मोठी आणि ओबडधोबड दिसतात, दुसरा मॉनिटर सहसा बंद राहतो. दोन मॉनिटरवाल्यांची फसगत इथेच होते. चित्र एकावर आलेलं असतं आणि ते दुसऱ्याकडे बघत बसतात.

काळ्या स्क्रीनवर माउसचा बाण हलत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर त्यातून ‘एक्सप्लोरर’ (डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) नव्याने चालवा. बाणही नसेल तर कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का पाहा. दिवा लागला म्हणजे मशीन जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

लोगोच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही दोष ड्रायव्हरवर जात नाही. पुष्कळजण ड्रायव्हर काढतात तेच कार्ड बदलण्यासाठी, आणि मग कॅबिनेट उघडतात. त्या गडबडीत कार्डाची सहा किंवा आठ पिनांची वीजजोडणी राहून जाते, रॅम किंचित उचलली जाते, केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या एचडीएमआयला लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, तेव्हा मदरबोर्डच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर धरतो, तोही पुसून पाहावा. हे सगळं करायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो, आणि आधी वीज पूर्ण बंद करायची.

एका बाबतीत मात्र निरोप खऱ्याच्या जवळ जातो. एनव्हिडियाच्या जीटीएक्स 900 आणि 1000 मालिकेतली काही कार्डं डिस्प्लेपोर्ट 1.3 किंवा 1.4 च्या मॉनिटरला जोडली, तर विंडोज पूर्ण सुरू होईपर्यंत पडदा कोराच राहू शकतो. पण तो फर्मवेअरचा दोष आहे, त्यावर एनव्हिडियाने दुरुस्तीचं साधन दिलेलं आहे. तोवर एचडीएमआयने काम भागवता येतं.

पंख्याचं म्हणाल, तर त्याचा मूळ हिशेब कार्डाच्याच फर्मवेअरमध्ये असतो. शिवाय ड्रायव्हर नसताना कार्डावर थ्रीडीचा भार पडत नाही, मग तापायचं कशाने? डीडीयू विंडोजमधल्या ड्रायव्हरच्या फाइल आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी पुसतं. कार्डावरच्या चिपला ते हात लावत नाही. ते सेफ मोडमध्ये आणि इंटरनेट तोडून चालवावं, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं.

सेफ मोडबद्दलचा गैरसमज कुठून आला ते समजतं. 2012 च्या विंडोज 8 पासून एफ8 बटण सहसा चालत नाही. पण दार दुसरीकडे आहे. विंडोज सुरू होत असताना पॉवर बटण सुमारे दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग 4 दाबलं की सेफ मोड. इंटरनेटसकट हवा असेल तर 5. त्याच पडद्यावरून सिस्टम रिस्टोअरने ड्रायव्हर काढण्याआधीच्या स्थितीलाही जाता येतं.

उबंटूवाल्यांना थोडक्यात: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून मजकुराच्या पडद्यावर या आणि ड्रायव्हर परत बसवा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढल्यावरही ‘नूवो’ला (लिनक्समधल्या मुक्त ड्रायव्हरला) अडवणारी जुनी नोंद शिल्लक राहिलेली असू शकते, ती शोधून काढा.

राहिला फॉरमॅट. मला सगळ्यात जास्त राग या सल्ल्याचा येतो. ड्रायव्हर गेल्याने डिस्कवरची एकही फाइल हललेली नसते. फॉरमॅटने मात्र त्या जातात. गावच्या जत्रेतल्या नाटकांची वर्षानुवर्षांची हस्तपत्रकं, लग्नपत्रिकांचे नमुने, देवस्थानच्या पावत्यांचे साचे हे सगळं अनेक छोट्या छापखान्यांत एकाच मशीनवर असतं, दुसरी प्रत नसते. दुकानदार फॉरमॅटच करायचं म्हणाला, तर आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फाइल उतरवून घ्यायला सांगा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरच्या फाइलींना लावलेलं कुलूप) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागेल. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं खातं वापरलं असेल तर ती बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून आधी ती कागदावर उतरवून घ्या, मगच मशीन दुकानात न्या.