सदतीसचा आकडा आणि ढकलपत्रातला कायदा

कुठल्याही पक्षात खळखळ सुरू झाली की एक ढकलपत्र हमखास फिरतं: ‘दोन तृतीयांश आमदार फुटले की पक्षांतरबंदी लागू होत नाही. पक्षाचा राजीनामाच दिला नाही, तर पक्ष सोडला असं कसं म्हणता? आणि आमदारकी सोडली की विषयच मिटला.’ यातलं एकही वाक्य घटनेच्या दहाव्या परिशिष्टाशी, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याशी, जुळत नाही.

दोन तृतीयांशाचा समज सगळ्यात खोल गेलाय, आणि तो रुजवला वृत्तवाहिन्यांनी. जून 2022 मधलं एकनाथ शिंदेंचं बंड आठवा. सुरत, मग गुवाहाटी, आणि पडद्याच्या कोपऱ्यात क्रिकेटच्या धावफलकासारखा आमदारांचा आकडा. शिवसेनेचे आमदार 55, म्हणजे 37 झाले की सुटले! पण फुटीला अभय देणारी तरतूद होती एक तृतीयांशाची, आणि तीही 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने गेली. उरलं ते विलीनीकरण. दोन तृतीयांश लागतात ते त्याला, आणि विलीन व्हायचं तर दुसरा पक्ष हवा. गोव्यात 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये विलीन झाल्याचं सांगितलं; उच्च न्यायालयाने ते 2022 मध्ये मान्यही केलं. (मूळ काँग्रेस पक्ष कधी विलीन झाला, हे मला अजून उमगलेलं नाही.) शिंदे गट मात्र कुठेच विलीन झाला नाही. ‘आम्हीच शिवसेना’ हा त्यांचा दावा होता. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी कुणालाच अपात्र ठरवलं नाही, तेही ‘खरा पक्ष कुणाचा’ या मुद्द्यावर. त्यासाठी आमदारांची डोकी मोजली गेली हे खरं. तो निकाल पटो न पटो, विलीनीकरणाचा त्यात संबंध नव्हता.

राजीनाम्याशिवाय पक्ष सोडता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच, रवी नाईक खटल्यात खोडून काढलंय. स्वेच्छेने सदस्यत्व सोडलं की नाही, हे माणसाच्या वागण्यावरूनही ठरतं.

आमदारकी सोडली की सुटका? कर्नाटकात 2019 मध्ये 17 आमदार अपात्र ठरले, त्यातल्या बहुतेकांनी आधीच राजीनामे दिले होते. 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली; राजीनाम्याने आधीचं पक्षांतर धुऊन निघत नाही. विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवता येणार नाही, ही बंदी तेवढी उठवली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यातले 13 जण भाजपकडून उभे राहिले, 11 निवडून आले. कायद्याने दोषी, मतदारांकडून निर्दोष! ढकलपत्र लिहिणाऱ्याला बहुधा एवढंच आठवत असावं.

या गोंधळाला बातम्यांची भाषाही जबाबदार आहे. मंत्रिपद, पक्षातलं पद, पक्षाचं सदस्यत्व, आमदारकी: मथळा एकच, ‘राजीनामा’. कुणाकडे दिला, हे चौथ्या परिच्छेदात. पक्षाध्यक्षाला पाठवलेल्या पत्राने सभागृहातली जागा रिकामी होत नाही. ते पत्र विधानसभा अध्यक्षांकडे जावं लागतं, आणि ते स्वखुशीचं आहे याची खात्री त्यांना पटावी लागते.

29 जून 2022 च्या रात्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून मुख्यमंत्रिपद सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा चर्चा झाली ती भावुक निरोपाची. त्या राजीनाम्याचं वजन कळलं 11 मे 2023 ला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणंच चूक होतं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पण चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे ठाकरे यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवता येत नाही, असंही म्हणालं.